'अर्बुद' की 'गाठ'? आणि ते 'घातांकी' जरा जपून

प्रश्न असा आलाय की ट्यूमरच्या वाढीच्या गणिती मॉडेलवर मराठीत लिहिताना ट्यूमरला 'अर्बुद' म्हणायचं की सरळ 'गाठ', आणि 'अर्बुदाची घातांकी वाढ' हे चालेल का.

आधी घातांकी, कारण ते ऐकून ऐकून डोकं उठलंय. काहीही भराभर वाढलं की लोक 'घातांकी' म्हणून मोकळे. अहो, ठरावीक काळात दुप्पट, परत तेवढ्याच काळात दुप्पट, एवढाच त्याचा अर्थ, मग तो काळ एक दिवस असो की एक वर्ष. हळू वाढणारी गोष्टही घातांकी असू शकते.

आता अर्बुद. 'गाठ' बोलताना ठीक आहे, पण गाठ आली 'ग्रंथि'वरून, आणि सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 11व्या अध्यायात ग्रंथि वेगळी सांगितलीय, अर्बुद वेगळं. अर्बुदाची लक्षणं बघा: गोल, स्थिर, फार न दुखणारं, मोठं, मूळ खोल गेलेलं, न पिकणारं आणि 'चिरवृद्धि', म्हणजे सावकाश वाढणारं!

पण खरी मजा पुढे आहे. अर्बुद ही संख्यासुद्धा आहे. यजुर्वेदातल्या संख्यानामांच्या यादीत 1 कोटी, आर्यभटाकडे आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत 10 कोटी, आणि हिंदीतला 'अरब' (म्हणजे 100 कोटी) ह्याचाच वंशज. शिवाय गर्भाच्या अवस्थांमध्ये 'कलल'नंतर येतो तो अर्बुद, आणि अबूचा पहाड म्हणजे अर्बुदाचल. माझं म्हणणं असं की मूळ अर्थ फुगलेला गोळा, त्यातून रास, आणि राशीतून संख्या. त्रैराशिकातली 'राशी' तरी मुळात काय, ढीगच ना? 'रोगाचं अर्बुद आणि संख्येचं अर्बुद, नुसता योगायोग' असं ठासून सांगणारे भेटतात, त्यांनी मग तो पहाड आणि तो गर्भ कुठे बसवायचा तेही सांगावं.

आणि हिशेब करून बघा. एका पेशीपासून सुरुवात केली आणि एकही पेशी मेली नाही असं धरलं तर 27 वेळा दुप्पट झाल्यावर 13 कोटी 42 लाख पेशी होतात, म्हणजे लीलावतीतलं अर्बुद ओलांडलं. एक घन सेंटिमीटरच्या ट्यूमरमध्ये पेशी धरतात साधारण 10 कोटी ते 100 कोटी. म्हणजे हाताला लागेल एवढं अर्बुद हे आकड्यानेही अर्बुदच! जुन्या लोकांना पेशी माहीत होत्या असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण शब्द किती चपखल बसला बघा.

हां, चालेल का ते राहिलंच. सुरुवातीच्या टप्प्यापुरतं 'घातांकी' चालेल. पुढे दुप्पट व्हायला लागणारा काळच लांबत जातो, तिथे गोम्पर्ट्झचं समीकरण वापरतात. बेंजामिन गोम्पर्ट्झने ते 1825 मध्ये माणसांच्या मृत्युदरासाठी मांडलं होतं, ॲना लेअर्डने 1964 मध्ये ट्यूमरच्या वाढीला लावून दाखवलं. त्याला 'गोम्पर्ट्झ वाढ' म्हणा, घातांकी नको. आणि रोगप्रतिकारक पेशी मॉडेलमध्ये आणल्या की दोन समीकरणं एकमेकांत अडकतात, भक्ष्य आणि भक्षकाच्या मॉडेलसारखी, त्यात अर्बुद कधी दबून बसतं, कधी उसळतं, तिथे सरसकट 'घातांकी' लिहिणं चूकच. 'अर्बुदपेशी' लिहा, 'गाठपेशी' कानाला कसंतरीच लागतं, आणि मराठी विश्वकोशातही 'अर्बुदविज्ञान' अशी नोंद आहेच.