पुनर्विचार, फेरविचार आणि आपला ‘पण’

कोथरूडच्या एका सोसायटीचे चिटणीस विचारतात: सभेच्या नोटिशीत ‘पुनर्विकासाच्या ठरावावर पुनर्विचार’ लिहावं की ‘फेरविचार’? दोन्ही चालतं. चालत नाही ते ‘पुर्नविचार’. गावभर ‘पुर्नविकास’चे फलक वाचून डोकं उठतं. मूळ शब्द पुनर्. त्यातला र् ‘न’च्या नंतर उच्चारतो, म्हणून रफार पुढच्या ‘वि’वर द्यायचा. ‘न’वर दिला की वाचायचं पुर्-न-विचार, आणि ‘पुर्न’ असं मराठीत काही नाही. ‘पुन्हा पुनर्विचार’ही नको, ‘पुन्हा’ म्हटलं की नुसता ‘विचार’ पुरतो.

पण खरी गंमत पुढे आहे. संस्कृत पुनः (म्हणजे वरचा पुनर्‌च) प्राकृतात ‘पुण’ झाला आणि त्याच घरातून मराठीला दोन शब्द मिळाले: ‘पुन्हा’ आणि ‘पण’. होय, उठताबसता आपण वापरतो तोच ‘पण’! (स्वयंवरातला पण निराळा, तो पैज लावण्याच्या ‘पण्’ धातूतला.) ‘परत’ आणि ‘मात्र’ या दोन्ही छटा संस्कृतात पुनः एकटाच सांभाळत होता. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्यावर मागच्या खुर्चीवरून कुणी म्हणतं, ‘पण कार्पेट एरियाचं काय?’ पुनर्विचार तिथेच सुरू होतो. माझ्या मते या शब्दाचा सगळा अर्थ त्या ‘पण’मध्ये आहे: ठरलेल्या गोष्टीला हरकत घेऊन ती परत तपासणं. तपासल्यावर तोच ठराव कायम राहिला, तरी पुनर्विचार झालाच. ‘निर्णय फिरवला’ या अर्थी तो वापरणं साफ चूक.

काही पंडित ‘फेरविचार’ अशुद्ध ठरवतात. का, तर ‘फेर’ मराठी आणि ‘विचार’ संस्कृत. हे मला मुळीच मान्य नाही. संस्कृताचीच कसोटी लावायची तर पुनर् + रचना याचा संधी ‘पुनारचना’ होतो. पुढे र आला की आधीचा र् लोपतो आणि त्याच्या अलीकडचा स्वर दीर्घ होतो. निर् + रस मिळून नीरस होतो, तसाच. सिद्धान्तकौमुदी या संस्कृत व्याकरणाच्या ग्रंथात ‘पुना रमते’ हे उदाहरणच दिलेलं आहे. तरी हे पंडितही ‘पुनर्रचना’च लिहितात, आणि योग्यच करतात, कारण मराठी कानाला तेच रुचतं. फेरपरीक्षेतही ‘फेर’ मराठी आणि ‘परीक्षा’ संस्कृत. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. मग फेरविचारावरच राग का?