टिक झाली, कार्ड जागेवरच

या खेपेला निवडलेली पत्रं सगळी एकाच गावची आणि जवळपास एकाच तक्रारीची आहेत : कामं वाटून देणारं अ‍ॅप नीट चाललं होतं, मग त्यात काहीतरी नवीन आलं आणि घोळ सुरू झाला. पत्रं थोडी कापली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : शनिवार पेठेत आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणेश मंडळांचे अहवाल अशी कामं असतात. ट्रेलो या अ‍ॅपवर बोर्ड, म्हणजे कामांचा फळा, केला आहे; एकेका कामाचं एक कार्ड. त्यात आलेलं काम, डिझाइन, प्रूफ, प्लेट, छपाई, बाइंडिंग, डिलिव्हरी असे रकाने आहेत. पूर्वी कार्ड एका रकान्यातून पुढच्या रकान्यात ओढलं की विषय संपायचा. आता प्रत्येक कार्डावर एक गोल आलाय, तो दाबला की हिरवी टिक होते. पोरं टिक करतात आणि कार्ड तिथंच ठेवतात. परवा एका अहवालाचं कार्ड 'प्रूफ'मध्ये टिक केलेलं दिसलं म्हणून प्लेट काढली, तर मंडळाकडून प्रूफ मंजूर होऊन आलंच नव्हतं. डिझायनर म्हणतो, मी प्रूफ पाठवलं म्हणून टिक केली. हा गोल बंद कसा करायचा?

उत्तर : गोल बंद करायच्या मागं लागू नका. त्याचा दोष नाही. पूर्वी ही टिक फक्त तारीख घातलेल्या कार्डाला मिळायची, आता तारीख असो-नसो सगळ्या कार्डांना मिळते. इतकाच बदल आहे. तुमच्याकडं खरा घोटाळा असा झालाय की कार्ड आहे अख्ख्या अहवालाचं आणि डिझायनरनं टिक केली ती स्वतःच्या वाट्याच्या कामाला. त्याच्या लेखी तो बरोबरच आहे.

तेव्हा टिक करायचा हक्क एकालाच द्या : जो गठ्ठे पोचवून चलनावर सही आणतो त्याला. बाकी कुणी गोलाला हात लावायचा नाही, फक्त कार्ड ओढायचं. आणि 'प्रूफ' हा रकाना मोडून दोन करा, 'प्रूफ पाठवलं' आणि 'प्रूफ मंजूर'. पुण्यातल्या कुठल्याही छापखान्यात जा, निम्मी भांडणं या दोन रकान्यांच्या मधल्या जागेतलीच असतात. दुसऱ्या रकान्यात कार्ड न्यायची अट एकच : सही केलेल्या प्रूफचा फोटो कार्डाला जोडलेला हवा. गिऱ्हाईक सही करायला येत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्याच्या होकाराचा स्क्रीनशॉट चालेल. 'हो हो, छापा' असा फोनवरचा निरोप चालणार नाही.

मी चिंचवडला गिअरच्या कारखान्यात प्लॅनिंगला होते. तिथं कार्ड बिनला, म्हणजे सुट्या भागांच्या पेटीला, लावलेलं असायचं. बिन पुढं गेला की कार्ड पुढं जायचं. माल जागेवर असताना नुसतं कार्ड पुढं सरकवायची सोयच नव्हती. टोयोटात तैइची ओनो यांनी १९५० च्या दशकात बसवलेली ही पद्धत, तिला कानबान म्हणतात. ट्रेलोचे रकाने तिच्याच वंशातले. पण स्क्रीनवरच्या कार्डाला बिन नसतो, ते बोटानं कुठंही जातं. सहीच्या प्रूफचा फोटो हा तुमचा बिन समजा.

एक बारीक गोष्ट. फुकटच्या प्लॅनमध्ये एका जोडफाइलला १० एमबीची मर्यादा आहे. अहवालाची छपाईची पीडीएफ त्यात मावणार नाही, ती गूगल ड्राइव्हवर ठेवून कार्डात लिंक द्या. आणि टिक झाली की कार्ड आपोआप 'डिलिव्हरी झाली' या शेवटी केलेल्या नव्या रकान्यात जाईल असा नियम ट्रेलोच्या ऑटोमेशनमध्ये पाच मिनिटांत लावता येतो. मग चुकीच्या वेळी कुणी टिक केलीच तर कार्ड एकदम शेवटच्या रकान्यात उडी मारेल आणि छपाईवाला ओरडेल. ओरडूच द्या.

प्रश्न : आमचं मंडळ नारायण पेठेतलं. चाळीसेक कार्यकर्ते आहेत. उत्सवाची कामं ट्रेलोच्या बोर्डावर घेतली आणि उत्साहानं सगळ्यांना त्यात ओढलं. आता दहाच माणसं फुकट असं दिसतं, आणि आमचा बोर्ड नुसता बघता येतो, त्यात काही लिहिता येत नाही. वर्गणीतून पैसे भरून मोठा प्लॅन घ्यावा का? दोन गट पडले आहेत.

उत्तर : दोन गट पडले नाहीत तर ते मंडळ कसलं!

ही मर्यादा २०२४ मध्ये आली. ट्रेलोच्या फुकटच्या वर्कस्पेसमध्ये, म्हणजे एका गटाचे बोर्ड जिथं असतात तिथं, जास्तीत जास्त दहा जण. यात पाहुणे म्हणून एखाद्याच बोर्डावर घेतलेले लोकही मोजले जातात आणि ज्यांना आमंत्रण धाडलंय पण ज्यांनी अजून उघडलेलं नाही तेही मोजले जातात. त्यामुळं आधी ती पडून राहिलेली आमंत्रणं रद्द करा. दहाच्या आत आलात की बोर्ड पुन्हा चालू होईल. सशुल्क प्लॅनचे पैसे माणशी, दर महिन्याला आणि डॉलरमध्ये असतात. चाळीस कार्यकर्त्यांचा हिशेब मांडा आणि वर्गणी देणाऱ्या दुकानदाराला तो समजावून सांगता येईल का ते बघा.

तसंही तुम्हाला चाळीस जण बोर्डावर नकोच आहेत. मंडळात राबतात चाळीस जण, पण ज्याला रात्री अकराला फोन करून जाब विचारता येतो असे सात-आठच असतात. परवानग्या, मांडव, देखावा, वीज, ढोल-ताशा पथक, वर्गणी, अहवाल आणि विसर्जन मिरवणूक. प्रत्येकाचा एक प्रमुख बोर्डावर, संपलं.

परवानग्यांचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथंच दरवर्षी पळापळ होते. तुमच्या बोर्डाचा फोटो पाहिला. त्यात 'परवानग्या' असं एकच कार्ड आहे, आत चेकलिस्ट, वर काम कुणाकडं आहे ते दाखवणारे पाच जणांचे चेहरे आणि तारीख गणेश चतुर्थीची. तिन्ही गोष्टी बदला. चेकलिस्टमधल्या एकेका ओळीला वेगळा माणूस आणि वेगळी तारीख लावायची सोय फुकटच्या प्लॅनमध्ये नाही, म्हणून कार्डंच वेगळी करा : महापालिकेची मांडवाची परवानगी, पोलिसांची परवानगी, ध्वनिवर्धकाची परवानगी, महावितरणची तात्पुरती वीजजोडणी. तारीख अर्ज द्यायच्या दिवसाची टाका. चतुर्थी कधी आहे ते कार्डानं सांगायची गरज नाही. एका अर्जाला दुसऱ्या परवानगीची प्रत जोडायची असेल तर तेही कार्डाच्या पहिल्याच ओळीत लिहा, म्हणजे खिडकीपाशी जाऊन परत यायला नको.

आणि एका कार्डावर एकच चेहरा. ट्रेलो कितीही लावू देतं. आसना नावाचं अ‍ॅप मात्र एका कामाला एकच जबाबदार माणूस ठेवू देतं, दुसरा लावायची सोयच त्यात नाही. मला त्यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं. मंडळात तर हे फारच लागू पडतं, कारण पाच चेहरे असले की पाचही जण 'भाऊ बघतायत ना' म्हणून मोकळे.

उरलेले तीस जण व्हॉट्सअ‍ॅपवरच राहू द्या. तिथं आता ग्रुपमध्ये तीन मेसेज वर टाचून ठेवता येतात. टाचताना मुदत विचारतो : २४ तास, ७ दिवस की ३० दिवस. तिथं ३० निवडा. सात दिवसांचं निवडलंत तर चतुर्थीला टाचलेली मिरवणुकीच्या वेळांची यादी अनंत चतुर्दशीच्या आधीच गळून पडेल, आणि ती नेमकी त्या रात्रीच हवी असते.

जाता जाता : वर्गणीदारांचे फोन नंबर बोर्डावर टाकलेले दिसले. बोर्ड 'पब्लिक' ठेवला असेल तर तो जगातल्या कुणालाही उघडता येतो, गूगलच्या शोधातही येऊ शकतो. आजच 'प्रायव्हेट' करा. गट पडायचे ते नंतर पडू देत.

प्रश्न : मी हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमचे मॅनेजर नवीन फीचर आलं की त्याच दिवशी वापरायला लागतात. सध्या 'मी इनबॉक्समध्ये टाकलं होतं, तू बघितलं नाहीस?' हे रोज ऐकते. मला माझ्या ट्रेलोच्या इनबॉक्समध्ये काहीच दिसत नाही. मीटिंग संपली की एआयनं काढलेला सारांशही येतो, पण त्यात 'टीम याकडे लक्ष देईल' असलीच वाक्यं असतात. त्यांना सांगू कसं?

उत्तर : तुम्हाला दिसत नाही, कारण ते तुम्हाला दिसण्यासाठी नाहीच. २०२५ मध्ये आलेला ट्रेलोचा इनबॉक्स ज्याचा त्याचा खासगी असतो. मेल पुढं धाडून, फोनवरून पटकन टिपून, मनात आलेलं काहीही त्यात टाकायचं आणि सवडीनं योग्य बोर्डावर ओढायचं. ओढेपर्यंत ते दुसऱ्या कुणालाही दिसत नाही. तुमचे साहेब रोज स्वतःच्याच खिशात चिठ्ठ्या टाकतायत.

सांगताना 'तुम्हाला कळलं नाही' या सुरात सांगू नका. 'सर, माझ्याकडं दिसत नाहीये, बोर्डावर ओढता का?' इतकंच म्हणा, शक्यतो त्यांच्याच स्क्रीनसमोर उभं राहून. तिसऱ्यांदा ओढताना त्यांचं त्यांनाच उमगेल.

सारांशाचं म्हणाल तर जे बोललंच गेलं नाही ते यंत्र कुठून लिहिणार? मीटिंगमध्ये 'बघू या', 'करून टाकू' म्हटलं की सारांशात टीमच येते. संपायच्या आधी तुम्हीच मोठ्यानं म्हणा : 'म्हणजे लॉगिनचा बग मी गुरुवारपर्यंत बघते, टेस्टिंग तो करतोय.' माणूस आणि वार दोन्ही तोंडानं उच्चारा. यंत्र ते उचलेल, आणि यंत्र नसलं तरी चार माणसं साक्षीला आहेतच.

प्रश्न : कर्वेनगरला आम्ही सहा जणी दिवाळीचा फराळ करून देतो. मुलगा म्हणतो अ‍ॅप घ्या. घ्यावं का?

उत्तर : सहाही जणी एकाच ओट्याशी उभ्या असताना कशाला? ऑर्डरची वही आहे ना? तीत 'देण्याची तारीख' हा रकाना सगळ्यात डावीकडं घ्या आणि चकलीची भाजणी कधी दळायची ते त्या तारखेपासून मागं मोजा. मुलाला घरपोच द्यायच्या कामाला लावा.

प्रश्न : मी कोथरूडच्या एका सोसायटीचा सचिव, निवृत्त आहे. गूगल कॅलेंडरमध्ये मी सोसायटीची रिमाइंडर लावत असे. आता ती 'टास्क्स' या नावाखाली दिसतात. इतर कमिटी सदस्यांनाही ती दिसतील असं कुणी सांगितलं, पण कुणालाच दिसत नाहीत. अध्यक्ष स्मार्टफोन वापरत नाहीत, वापरणारही नाहीत.

उत्तर : गूगलनं २०२३ मध्ये कॅलेंडर आणि असिस्टंटमधली रिमाइंडर टास्क्समध्ये हलवली. तुमची जुनी तिथंच आहेत. पण टास्क्सची यादी आपली आपल्यापुरती असते. दुसऱ्याला काम नेमून द्यायचं असेल तर गूगल चॅटमध्ये 'स्पेस' उघडून त्यातल्या टास्क्समध्ये द्यावं लागतं. कमिटीतले चौघं चॅट उघडणार आहेत का? मला शंका आहे. त्यापेक्षा कमिटीचं एक सामाईक कॅलेंडर करा. त्यात लिफ्टच्या देखभाल कराराचं नूतनीकरण, टाक्यांची सफाई, हिशेब तपासणी असं दरवर्षीचं सगळं 'दरवर्षी' म्हणून एकदाच लावून टाका. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, पण सूचना सप्टेंबरअखेरची लावू नका. अजेंडा निघायचा दिवस, अहवाल छापून यायचा दिवस अशा वेगवेगळ्या लावा. (छापखान्याचं वरचं पत्र वाचलंत ना?)

अध्यक्षांसाठी दर सोमवारी एक कागद छापून वॉचमनच्या टेबलावर ठेवा. फोन न वापरणारा अध्यक्ष कागद फार बारकाईनं वाचतो, असा माझा अनुभव आहे. शुद्धलेखनाच्या चुकाही काढतील, त्याला इलाज नाही.

प्रश्न : भोसरीत आमचं मशिनिंगचं वर्कशॉप आहे. प्लॅनिंगचं सगळं एका मुलानं ट्रेलोवर बसवलं होतं, छान चालत होतं. तो आता चाकणला दुसऱ्या कंपनीत चाललाय. बोर्ड त्याच्या स्वतःच्या जीमेलवर आहे. आमची माहिती कशी वाचवू?

उत्तर : तो अजून तुमच्याकडं आहे तोवर, म्हणजे हे पत्र छापून यायच्या आधीच, तीन कामं उरकायला हवीत. म्हणून फोनवर सांगितलंच आहे, इथं इतरांसाठी देते.

पहिलं, वर्कशॉपच्या नावाचा ईमेल काढा आणि त्या ईमेलला बोर्डाचा आणि वर्कस्पेसचाही अ‍ॅडमिन करून घ्या. हे त्याच्या खात्यातून त्यालाच करावं लागेल, चहा पाजून करून घ्या. तो गेल्यावर चाकणहून त्याला सुट्टीच्या दिवशी बोलावणं सगळ्यांनाच जड जातं.

दुसरं, बोर्डाच्या मेनूत छापण्याचा आणि एक्स्पोर्टचा पर्याय आहे. फुकटच्या प्लॅनमध्ये माहिती जेसन या प्रकारच्या फाइलमध्ये मिळते. सरळ एक्सेलमध्ये उघडणारी सीएसव्ही हवी तर वरचा प्लॅन लागतो. जेसन उघडून पाहिलीत तर डोळे फिरतील, पण एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून ती आत घेता येते. तुमच्या अकाउंटंटला जमेल.

तिसरं सगळ्यात जास्त लोक विसरतात : त्या फाइलमध्ये कार्डांना जोडलेली ड्रॉइंग्ज येत नाहीत, नुसत्या त्यांच्या लिंका येतात. ड्रॉइंग्ज एकेक करून उतरवून घ्यावी लागतील. पार्ट नंबर आणि रिव्हिजन नंबर फाइलच्या नावातच लिहा, नाहीतर जुन्या रिव्हिजनवर माल निघेल. आणि हे सगळं ऑफिसच्या संगणकावर ठेवा, नव्या मुलाच्या पेनड्राइव्हवर नको.