नागानोत शिकवायला येताय? शाळेच्या कॅम्पला जरूर जा

जेट प्रोग्रॅममधून, म्हणजे परदेशी लोकांना शाळांत भाषा शिकवायला बोलावणाऱ्या जपान सरकारच्या योजनेतून, ऑगस्टमध्ये जपानातल्या नागानोच्या माध्यमिक शाळेत एएलटी (सहायक भाषा-शिक्षिका) म्हणून रुजू होताय, त्याबद्दल मनापासून अभिनंदन. शाळेच्या मुक्कामी कॅम्पला जाणं सक्तीचं असतं का, शाकाहारी माणसाचं तिथे कसं होतं आणि जेमतेम जपानीवर निभावतं का, असं तुम्ही विचारलंय. मी इथेच शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सक्ती सहसा नसते. मुलांची जबाबदारी वर्गशिक्षकांची, आपण मदतनीस. पण कुणी बोलावेल म्हणून वाट बघू नका. इथलं शालेय वर्ष एप्रिलला सुरू होतं. तुम्ही ऑगस्टमध्ये येताय, तेव्हा पुढच्या एप्रिलच्या आसपासच ‘मला यायचंय’ म्हणून सांगून ठेवा. करार साधारण आठवड्याला 35 तासांचा असतो, तेव्हा मुक्कामाची बदली सुट्टी मिळणार का आणि खर्च कोणाकडे, हे उपमुख्याध्यापकांना आधीच विचारा. त्यात संकोच नको.

जायचं ते मुलांसाठी. वर्गात आपण वाक्य म्हणतो, मुलं मागून म्हणतात आणि तास संपतो. कॅम्पवर पाच-सहा जणांचा गट स्वतः चूल पेटवून भात आणि करी रांधतो. भाताचा डबा ॲल्युमिनियमचा, घेवड्याच्या दाण्यासारखा बाकदार, त्याला हानगो म्हणतात. विस्तवावर ठेवण्याआधी त्याला बाहेरून भांडी घासायचा साबण फासतात, म्हणजे काजळी पटकन निघते. आपल्याकडे चुलीवरच्या पातेल्याला बुडाला राख-माती लावतात, तसंच. जेवणानंतर कॅम्पच्या जागेचे कर्मचारी प्रत्येक डबा तपासतात आणि काळा डाग दिसला की परत घासायला पाठवतात. वर्गात कधी मान वर न करणारा मुलगा तिथे शेजारी बसून हळूहळू, सोप्या शब्दांत तुम्हाला साबण कुठवर लावायचा ते दाखवतो. भाषेची चिंता म्हणूनच करू नका. तिथे तुम्ही शिकणाऱ्या असता, आणि मुलांना ते फार आवडतं.

जेवणाचं मात्र आधीच पक्कं करा. नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. करीच्या तयार वड्यांत बहुधा गोमांसाची किंवा डुकराची चरबी असते, मिसो सूपमध्ये (आंबवलेल्या सोयाबीनच्या सारात) माशाचा अर्क. काय चालत नाही ते जपानीत लिहून द्या. आपला मसाला सोबत ठेवा आणि गटाला सांगून वेगळ्या पातेल्यात भाजी करा. मुलं चव बघायला येतातच.

अंघोळ सामूहिक आणि विवस्त्र. शिक्षिका बऱ्याचदा मुलींनंतर जातात. अवघड वाटत असेल तर एखाद्या शिक्षिकेला आधीच सांगा, वेगळ्या शॉवरची सोय होऊ शकते.

नागानोतल्या बऱ्याच माध्यमिक शाळांत डोंगर चढायची परंपरा आहे. 1913 च्या ऑगस्टमध्ये इथल्याच एका शाळेची तुकडी 2956 मीटरच्या किसो-कोमागाताकेवर वादळात सापडली. मुख्याध्यापकांसह 11 जण दगावले, बहुतेक विद्यार्थी. त्यांचं स्मारक त्याच डोंगरावर आहे. त्यामुळे हवामान बघून शिक्षक अर्ध्यातून मुलांना खाली उतरवू लागले, तर निमूट उतरा. मुलांनी कितीही गयावया केली तरी त्यांची बाजू घेऊ नका.

सामानात सुती हातमोजे, वर-खाली वेगळा रेनकोट, अस्वलं दूर राहावीत म्हणून वाजती घंटी आणि जाड स्वेटर हवाच. उंचावर जुलैतही रात्री गारठा असतो.