जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं पेट्रोल इंजिन बांधतोय. जोडांमधल्या पॅकिंगऐवजी सगळीकडे नळीतलं सिलिकॉन लावलं तर चालेल का?

नाही. ‘जुनी पॅकिंगं विसरा, सगळ्या जोडांना ग्रे सिलिकॉन भरून टाकतो’ असं तुमचे मेस्त्री म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या दाजींचंही अगदी हेच म्हणणं होतं आणि त्यापायी वडिलांच्या गाडीचा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, थोडक्यात वाचला.

वडील सुताचा व्यापार करायचे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्यांकडे त्यांची सगळी ये-जा याच अ‍ॅम्बेसेडरने. १४८९ सीसीचं इंजिन. धूर फार मारायला लागली म्हणून बोअर करायला उतरवलं. गॅरेज दाजींच्या ओळखीचं, त्यामुळे मी तोंड उघडलं की ‘तू गप्प बस, त्यांचा रोजचा धंदा आहे’. त्या लोकांनी चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, कॉर्क पॅकिंगवर दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा जाड पट्टा ओढला. टायमिंग कव्हरला तेच, टॅपेट कव्हरलाही तेच. बोल्ट आवळले तसं ते चहूबाजूंनी बाहेर आलं. दाजी खूश. म्हणाले, बघ, आता थेंब गळणार नाही.

बाहेर जेवढं येतं तेवढंच आतही जातं. बाहेरचं फडक्याने पुसता येतं, आतलं तसंच लोंबत राहतं. गरम ऑइलमध्ये त्याचे तुकडे सुटतात आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. अक्कलकोटला जाताना वळसंगजवळ ऑइलचा दिवा लागला. वडिलांनी जागेवर इंजिन बंद केलं, म्हणून निभावलं. चेंबर मी स्वतः उतरवलं. जाळी राखाडी धाग्यांनी भरलेली, बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या) बेअरिंगवर झीज होऊन आतलं तांबं दिसायला लागलेलं. गॅरेजवाला म्हणाला, ऑइल भेसळीचं असेल. मी ती जाळी दाजींच्या हातात दिली. तरी ते आजही लग्नाकार्यात भेटले की सांगतात, सिलिकॉनचा काही दोष नव्हता. होता. आणि लावणाऱ्याचाही होता.

आता तुमच्या इंजिनाचं. हेड पॅकिंगला सिलिकॉन अजिबात नको. सरळपट्टी लावून हेड आणि ब्लॉक तपासा, वाकलं असेल तर मशीनवर फेस (सपाट) करून घ्या आणि टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने, क्रमाने आवळा. चेंबर पत्र्याचं असतं. वर्षानुवर्षं कचकचून आवळल्याने भोकांभोवतीचा पत्रा उचललेला असतो. तो सपाट लोखंडावर ठेवून हातोडीने हळूहळू बसवा. बरीचशी गळती इथूनच सुरू होते आणि त्यावरचा इलाज कुठल्याही नळीत मिळत नाही. कॉर्क पॅकिंग शेलॅकचा (लाखेच्या चिकट द्रावणाचा) पातळ हात देऊन एका बाजूने चिकटवा, दुसरी बाजू कोरडी राहू द्या. सिलिकॉनची जागा फक्त चेंबरच्या चार कोपऱ्यांत, जिथे बाजूचं पॅकिंग मेन बेअरिंगच्या कॅपवरच्या कॉर्कला भेटतं. तिथेही ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका पुरे.

ते सिलिकॉनही इंजिनाचंच घ्या. काचा बसवायचं, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका, त्याने धातू गंजतो. पेट्रोल लागतं तिथे, म्हणजे कार्ब्युरेटर आणि पेट्रोल पंपाला, सिलिकॉन लावूच नका, पेट्रोलने ते फुगतं. आणखी एक, ते पक्कं होतं हवेतल्या ओलाव्यावर. आपल्याकडे मे महिन्यात लोक म्हणतात, ऊन कडक आहे, तासाभरात सुकेल. हवा कोरडी असली की उलट जास्त वेळ लागतो. अख्खा दिवस जाऊ द्या, मग ऑइल भरा.

मागून, फ्लायव्हीलकडून, थोडं ऑइल येत असेल तर त्यासाठी सीलंट शोधत बसू नका. या इंजिनात मागे रबरी सील नसतंच. क्रँकवर कापलेले आटे ऑइल परत आत ढकलतात. ब्रीदर, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी, तुंबला की आतला दाब वाढतो आणि ते बाहेर येतं. ब्रीदर साफ करा. दाजींना जी गळती सिलिकॉनने थांबवायची होती ती हीच होती, आणि मी ब्रीदर धुतल्यावर ती कमी झाली. हे त्यांनी अजून मान्य केलेलं नाही.

त्यांचा ठरलेला मुद्दा असतो की नव्या गाड्यांना कंपनीच सिलिकॉन लावते. अनेक गाड्यांना लावते, हे खरं. पण तिथे दोन्ही तोंडं त्याच हिशोबाने बनवलेली असतात आणि पट्टा मोजून टाकलेला असतो. हातोडीने सरळ केलेल्या जुन्या पत्र्याला तो नियम कसा लावायचा?

आणि हो, तुमच्या गाडीत नंतरचं १८०० सीसीचं इसुझू इंजिन असेल, तर वरचं जसंच्या तसं लावू नका. त्याचं मॅन्युअल मिळवा आणि त्यात जिथे जे लावायला सांगितलंय तेच लावा.