जॅझच्या रेकॉर्ड्स तुम्ही कशा ऐकता, नव्या श्रोत्याने सुरुवात कुठून करावी आणि या छंदाखेरीज तुमचे मन कशात रमते?

आपल्या तीन प्रश्नांपैकी शेवटच्याचे उत्तर ओघात येईलच. आरंभाविषयी मात्र माझे मत पक्के आहे: ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांची मोठी नावे तूर्त बाजूला ठेवावीत आणि त्यांच्या मागे उभा राहून डबल बेस, म्हणजे माणसाहून उंच, खर्जातले तंतुवाद्य, वाजवणारा माणूस गाठावा. मी स्वतः त्याच वाटेने जॅझमध्ये शिरले आणि अजूनही नवी रेकॉर्ड हाती आली की कव्हर उलटून सर्वप्रथम बेसवादकाचे नाव शोधते.

याचे कारण या संगीताच्या बांधणीतच आहे. मूळ धून बहुधा सुरुवातीला आणि शेवटी वाजते; मधल्या वेळात तिच्याखालची स्वरसंगती, म्हणजे ठरावीक क्रमाने बदलणारे स्वरगुच्छ (कॉर्ड्स), तेवढी आवर्तनांमागून आवर्तने फिरत राहते आणि एकेक वादक तिच्यावर आयत्या वेळी नवी सुरावट रचत जातो. नवा श्रोता सॅक्सोफोनच्या मागे धावतो, धून दिसेनाशी झाली की गोंधळतो आणि थोड्या वेळाने सगळेच सारखे वाटू लागले म्हणून रेकॉर्ड काढून ठेवतो. बेसवादक मात्र त्या स्वरसंगतीची जागा कधी सोडत नाही. प्रत्येक मात्रेला एक याप्रमाणे तो सूर टाकत जातो, ज्याला वॉकिंग बेस म्हणतात, आणि स्वरसंगती बदलायच्या एक-दोन सूर आधीच त्याचा रोख पुढच्या सुराकडे वळलेला असतो. त्याच्यावर कान ठेवला की वरचा वादक कितीही दूर भटकला तरी आपण आवर्तनात नेमके कुठे आहोत हे कळत राहते.

एक उदाहरण जवळून पाहू. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही रेकॉर्ड न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या ३० व्या रस्त्यावरील स्टुडिओत २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी ध्वनिमुद्रित झाली. तिच्यातील पहिली रचना ‘सो व्हॉट’. पियानो आणि बेस यांच्या संथ प्रस्तावनेनंतर जी धून येते ती चक्क बेसवर येते: बेसवादक पॉल चेंबर्स एक छोटे वाक्य वाजवतात आणि इतर वाद्ये दोन स्वरगुच्छांनी त्याला उत्तर देतात. रचना ३२ बारची आहे; बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक गट. पहिले १६ बार एका स्वरमालेत, पुढचे ८ बार तीच स्वरमाला अर्ध्या स्वराने वर आणि शेवटचे ८ बार पुन्हा मूळ ठिकाणी, एवढाच तिचा आराखडा. डेव्हिस आपले वादन सुरू करतात त्या क्षणी ड्रमवादक जिमी कॉब झांजेवर एक मोठा आघात करतात आणि तो नाद हवेत असतानाच चेंबर्स यांचे बेस एकसारख्या चालीने चालू लागते. डेव्हिस दोन आवर्तने वाजवतात, मग सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन दोन, कॅननबॉल ॲडर्ली दोन आणि पियानोवर बिल इव्हान्स एक. पहिल्या ऐकण्यात एवढेच करावे: या सातही आवर्तनांत बेस अर्धा स्वर वर केव्हा जाते आणि खाली केव्हा उतरते ते पकडावे. हे जमले की मग चौघा वादकांपैकी कोण ती पायरी ठसठशीतपणे दाखवतो आणि कोण नकळत ओलांडून जातो, हा फरक आपोआप ऐकू येऊ लागतो, आणि माझ्या मते जॅझ ऐकण्याचा खरा आनंद तिथे सुरू होतो.

पुढची रेकॉर्ड कोणती, हा प्रश्नही चेंबर्सच सोडवतात. त्यांचा जन्म २२ एप्रिल १९३५ चा. म्हणजे ‘काइंड ऑफ ब्लू’च्या दुसऱ्या बैठकीच्या दिवशी ते नुकते चोवीस वर्षांचे झाले होते, आणि तोवर त्या काळातील कितीतरी उत्तम ध्वनिमुद्रणांत त्यांची साथ होऊन गेली होती. १९५७ च्या सप्टेंबरात कोल्ट्रेन यांच्या ‘ब्लू ट्रेन’वर तेच आहेत. त्याच वर्षाच्या जानेवारीत आर्ट पेपर यांनी डेव्हिस यांचे साथीदार घेऊन केलेल्या रेकॉर्डवर तेच आहेत. सॉनी क्लार्क यांची ‘कूल स्ट्रटिन’, हँक मोबली यांची ‘सोल स्टेशन’, ऑलिव्हर नेल्सन यांची ‘द ब्लूज अँड द ॲब्स्ट्रॅक्ट ट्रूथ’, सगळीकडे हा माणूस भेटतो. कोल्ट्रेन यांनी ‘जायंट स्टेप्स’मधील एका रचनेला ‘मिस्टर पी. सी.’ हे नाव दिले ते याच साथीदाराच्या आद्याक्षरांवरून. चेंबर्स यांच्या स्वतःच्या नावाने निघालेल्या ‘बेस ऑन टॉप’ची सुरुवात ते गजाने वाजवून करतात, तो खरखरीत, घशातून आल्यासारखा सूर सगळ्यांना रुचत नाही, मला तो अतिशय प्रिय आहे. ४ जानेवारी १९६९ रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी ते गेले. इतक्या थोड्या आयुष्यात एका माणसाने मागे राहून किती जणांचे संगीत उभे केले, हे या रेकॉर्ड्स एकापाठोपाठ एक ऐकताना जाणवते, आणि त्या ओघात आपली पियानो, ड्रम आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्या वीस-पंचवीस जणांशी ओळख होऊन जाते. यादी पाठ करून अशी ओळख होत नाही.

बेस नेहमी असे मागेच राहिले असेही नाही. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात १९३९ मध्ये आलेल्या जिमी ब्लँटन यांनी त्याला सुरावट बोलायला शिकवले. १९४० मध्ये एलिंग्टन यांनी केवळ पियानो आणि बेस अशी ध्वनिमुद्रणे त्यांच्यासोबत केली. १९४२ मध्ये क्षयाने ब्लँटन गेले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. तो धागा स्कॉट लाफारो यांनी आणखी पुढे नेला. बिल इव्हान्स यांच्या त्रयीने २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात वाजवलेले संगीत ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ या दोन रेकॉर्ड्सवर आहे. तिथे बेस साथ करत नाही, पियानोशी बोलते: मध्येच गप्प होते, मध्येच प्रश्न टाकते, आणि ठेका तिघांपैकी एकानेही उघड न धरता सर्वांनी मिळून सांभाळलेला असतो. मागे पेल्यांचा किणकिणाट आणि श्रोत्यांची कुजबुज स्पष्ट ऐकू येते. त्यानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते तोच, ६ जुलै रोजी, लाफारो मोटार अपघातात गेले, वय पंचवीस. चेंबर्स ऐकून कान तयार झाल्यावरच या रेकॉर्ड्सकडे यावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण लाफारो यांनी कोणती चौकट मोडली हे कळायला ती चौकट आधी कानात बसलेली असावी लागते.

आता बाकीचे छंद. मला चालायला आवडते आणि चालताना मी मात्रा मोजते. डेव्ह ब्रूबेक यांच्या चौकडीने १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली ‘टेक फाइव्ह’ ही पॉल डेझमंड यांची रचना पाच मात्रांची आहे, तीन अधिक दोन अशा वजनाची. पावले दोन आणि मात्रा पाच, म्हणून पहिले आवर्तन उजव्या पावलावर सुरू झाले की पुढचे डाव्यावर सुरू होते आणि दहा पावलांनी सगळे मूळ जागी येते. हे एकदा अंगवळणी पडले की जो मोरेलो यांचे ड्रमवादन चालू असताना खाली पियानो ती पाचाची चाल किती निष्ठेने राखून असतो, हे शरीरालाच समजते. माझा दुसरा छंद अक्षररचनेचा, आणि तो ब्लू नोट या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीच्या कव्हरांमुळे जडला. फ्रान्सिस वुल्फ यांनी ध्वनिमुद्रणाच्या वेळी काढलेली छायाचित्रे कापून, एखाद्या रंगात बुडवून, त्यांच्याभोवती रीड माइल्स यांनी अक्षरे अशी मांडली आहेत की शब्दांनाही लय यावी. छायाचित्रांकडे, पुस्तकांच्या मुखपृष्ठांकडे, दारावरच्या पाट्यांकडे मी आज ज्या बारकाईने पाहते ती नजर मला या कव्हरांनी दिली.

ऐकण्याच्या साधनांविषयी थोडक्यात. डबल बेसच्या सर्वांत खालच्या तारेचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो निघतच नाही. तेव्हा महागडी यंत्रणा नसली तरी चालेल, पण साधे बरे हेडफोन तरी हवेत. रेकॉर्ड प्लेअर घेतल्यास सुईचा दाब उत्पादकाने सांगितला तेवढाच ठेवावा, तबकड्या उभ्या ठेवाव्यात आणि वाजवण्याआधी धूळ पुसावी. तबकडीच्या आतल्या कडेला आवाज थोडा खडबडीत झाला तर लगेच प्लेअरला दोष देऊ नये: फेऱ्यांचा वेग मिनिटाला ३३⅓ असा कायम असला तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि आतल्या कडेला २० च्या आसपासच, त्यामुळे तेवढाच ध्वनी कमी जागेत कोंबावा लागतो.

मूळ प्रतीच घ्याव्यात की पुनर्मुद्रणे, असे आपण पुढे विचाराल असे गृहीत धरून तेही सांगते. तबकडीच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांची आद्याक्षरे कोरलेली जुनी प्रत हातात धरण्याचा आनंद मी समजू शकते, पण ऐकण्यासाठी मी चांगले पुनर्मुद्रण निवडते. झिजलेल्या प्रतीत झांजांचे बारीक सूर आधी जातात. शिवाय ‘काइंड ऑफ ब्लू’च्या बाबतीत तर कारण आणखी ठोस आहे: पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना ध्वनिमुद्रित होताना टेपचे यंत्र किंचित संथ चालत होते, त्यामुळे जुन्या प्रतींत त्या थोड्या जलद आणि चढ्या सुरात वाजतात, आणि १९९२ च्या पुनर्प्रकाशनात ही चूक दुरुस्त झाली. म्हणून ‘सो व्हॉट’मधील बेस मूळ सुरात ऐकायचे असेल तर त्यानंतरची, दुरुस्त फितीवरून काढलेली प्रत घ्यावी.