शहर बससेवा वाढवली की आहे त्या बसस्थानकांवर गर्दी होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहरात नव्या बस येणार, मार्ग वाढणार, पण स्थानकं मात्र तीच आणि तेवढीच राहणार. मग आधीच भरलेली स्थानकं आणखी तुंबणार नाहीत का? आणि तसं असेल तर आधी स्थानक मोठं करायचं की आधी बस आणायच्या?

शहर बसची वेळापत्रकं आखण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. 'स्थानकात जागा नाही' एवढ्या एका वाक्यावर चांगली योजना बासनात गुंडाळली जाते, हे पाहिलं की मनापासून वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बस वाढल्या की स्थानक तुंबू शकतं, हे खरं आहे. पण स्थानक तुंबवतात त्या बहुतेक करून उभ्या बस. येऊन, माणसं उतरवून-चढवून लगेच निघून जाणारी बस फार कमी जागा खाते. त्यामुळे किती बस वाढणार, याच्या आधी त्या स्थानकात येऊन किती वेळ उभ्या राहणार, हे विचारायला हवं.

आधी माणसांच्या गर्दीबद्दल, कारण 'स्थानकावर गर्दी' म्हटलं की डोळ्यांसमोर तीच येते. समजा एका मार्गावर दर २० मिनिटांनी बस आहे आणि तिच्यासाठी मिनिटाला ३ माणसं फलाटावर येतात. बस सुटायच्या वेळी तिथे ६० माणसं जमलेली असतात. आता हीच बस दर १० मिनिटांनी सोडली तर ३० माणसं जमेपर्यंत पुढची बस हजर. यावर लगेच कुणीतरी म्हणतं की बस वाढल्या की प्रवासीही वाढतील. वाढतीलच, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. पण सेवा जेवढ्या टक्क्यांनी वाढते त्याच्या साधारण निम्म्या टक्क्यांनी प्रवासी वाढतात, असा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. फेऱ्या दुप्पट केल्या तर मिनिटाला ३ ऐवजी साडेचार माणसं येतील असं धरू. दहा मिनिटांत ४५ झाली. म्हणजे प्रवासी दीडपट होऊनही फलाटावर उभी असलेली माणसं पूर्वीपेक्षा कमीच.

फेऱ्या वाढवल्याने फलाट हलका होतो, ही गोष्ट योजनांच्या कागदांत क्वचितच लिहिलेली असते. फक्त त्याला एक अट आहे, बस अंतर राखून आल्या पाहिजेत. दोन बस पाठोपाठ आल्या तर पहिली खचाखच भरते, दुसरी तिच्या मागून रिकामी जाते, आणि मग पुढची वीस मिनिटं काहीच येत नाही. कागदावर फेऱ्या दुप्पट, फलाटावर मात्र तीच साठ माणसं.

आता बसची गर्दी. खरी अडचण इथे आहे.

एका फलाटावर बस येते, माणसं उतरतात, नवी चढतात, दार लागतं, बस निघते आणि मागची तिच्या जागी येते. या सगळ्याला दीड-दोन मिनिटं लागतात. मध्ये थोडी सैल जागा ठेवली तरी अशा एका फलाटावरून तासाला २० बस जाऊ शकतात. पण तिथेच बसची फेरी संपत असेल तर चित्र पालटतं. चालकाची विश्रांती, वाटेत झालेला उशीर भरून काढायला वेळापत्रकात ठेवलेली मोकळीक, असं मिळून बस १२ मिनिटं तिथेच उभी राहते. मग तोच फलाट तासाला ४, फार तर ५ बसना पुरतो. फलाट तेवढाच, बस त्याच, आणि फरक चार-पाच पटींचा.

ही विश्रांती कापा, असं मी कधीच म्हणणार नाही. रहदारीत तासन्‌तास गाडी चालवणाऱ्या माणसाला पाय मोकळे करायला, पाणी प्यायला, स्वच्छतागृहात जायला वेळ मिळालाच पाहिजे, आणि तो वेळापत्रकात लिहून मिळाला पाहिजे. पण चालक विश्रांती घेतोय म्हणून बसनेही प्रवाशांच्या फलाटावर उभं राहायची गरज नाही. ती शेजारच्या वाहनतळावर जाऊ शकते. किंवा आलेला चालक उतरतो आणि आधीच्या फेरीवर येऊन ताजातवाना झालेला चालक तीच बस घेऊन निघतो. दुसऱ्या पद्धतीला एक-दोन चालक जास्त लागतात, पण नवा फलाट बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

बस उभी करायला जागा नसली की काय होतं, हे न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटी बस टर्मिनलवर दिसतं. १९५० साली सुरू झालेलं हे स्थानक. नदीखालून शहरात येणाऱ्या लिंकन बोगद्याकडे नेणाऱ्या रस्त्यावर १९७० पासून सकाळी एक मार्गिका फक्त बससाठी राखलेली आहे आणि तिच्यातून सकाळच्या काही तासांत १८०० च्या आसपास बस शहरात येतात. माणसं उतरली, पण बस दिवसभर ठेवायच्या कुठे? कितीतरी बस रिकाम्याच नदीपलीकडे परत जातात आणि संध्याकाळी रिकाम्याच पुन्हा येतात. त्या वेळी बोगद्यात अडकल्या की स्थानकातली रांग वाढत जाते. म्हणूनच तिथल्या नव्या स्थानकाच्या आराखड्यात बस थांबवून ठेवण्यासाठी वेगळी इमारतच धरली आहे.

मांडणीचाही मोठा वाटा असतो. रस्त्याच्या कडेला एकामागे एक अशा पाच जागा आखल्या की पाच बसची सोय झाली, असं वाटतं. पण पुढची बस हलेपर्यंत मागचीला बाहेर पडता येत नाही आणि मधली जागा रिकामी झाली तरी तिथे शिरता येत नाही. बसक्षमतेच्या अमेरिकी मार्गदर्शिकेत यासाठी जे आकडे वापरतात त्यांनुसार बस शेजारून पुढे काढता येत नसेल तर अशा पाच जागा मिळून जेमतेम पावणेतीन जागांचं काम देतात. म्हणजे चौथी आणि पाचवी जागा बांधायचा खर्च जवळजवळ वायाच. करवतीच्या दात्यांसारखे तिरके फलाट केले तर प्रत्येक बसला आपापली वाट मोकळी मिळते, पण त्याला रुंदी जास्त लागते.

'कालपर्यंत सगळं बरं चाललं होतं, दोन मार्ग वाढवले आणि स्थानक ठप्प झालं' ही तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि ती खोटी नसते. कारण रांग ही सरळ रेषेत वाढत नाही. रांगेच्या गणितातलं सगळ्यांत साधं सूत्र घेतलं, ज्यात बस कशाही, अनियमित अंतराने येतात असं धरलेलं असतं, तर फलाट ८० टक्के वेळ व्यापलेला असताना तिथे सरासरी ४ बस असतात, एक फलाटावर आणि बाकीच्या मागे. ९० टक्क्यांवर ९. आणि ९५ टक्क्यांवर १९! वापर थोडासाच वाढला, पण रांग रस्त्यावर आली. म्हणून स्थानक 'पूर्ण वापरात' असल्याचा अभिमान कुणी सांगितला की मला काळजी वाटते. गर्दीच्या वेळी साधारण पाव भाग मोकळा असेल तरच उशिरा आलेली बस सामावून घेता येते.

शिवाय दोष नेहमी फलाटांचा असतो असंही नाही. एका स्थानकात सहा फलाट वाढवायचा प्रस्ताव होता. आम्ही संध्याकाळी बाहेर पडण्याच्या तोंडाशी उभे राहिलो. समोरच चौकाचा सिग्नल. हिरवा दिवा लागायचा, दोन बस निघायच्या, तिसरी दारातच अडकायची आणि तिच्या शेपटाने शेवटचे दोन फलाट बंद व्हायचे. त्या फलाटांवरच्या बसची दारं लागलेली, आत माणसं उभी, खाली धावत आलेली माणसं काचेवर हात मारतायत, आणि बस जागची हलत नाही. ती बस हलत नाही म्हणून मागची आत येऊ शकत नाही. त्या रांगेचं शेवटचं टोक प्रवेशद्वाराबाहेर होतं, आणि तिकडून पाहणाऱ्याला 'फलाट कमी आहेत' असंच वाटणार. सिग्नलचा वेळ बदलल्यावर त्या संध्याकाळच्या रांगा बऱ्याच ओसरल्या. फलाट सहाने वाढवले असते तरी दारातून बाहेर दोनच बस पडल्या असत्या.

आता 'विस्तार' म्हणजे नेमकं काय, ते पाहा. आहे तो मार्ग पुढच्या वस्तीपर्यंत नेला तर मधल्या स्थानकावर एकही फेरी वाढत नाही. दोन उपनगरांना थेट जोडणारा मार्ग काढला तर उलट मध्यवर्ती स्थानकावर फक्त बस बदलण्यासाठी येणारी माणसं कमी होतात. सगळ्यांत जड पडतात ते स्थानकातूनच सुटणारे आणि तिथेच संपणारे नवे मार्ग. आणि दुर्दैवाने नवे मार्ग काढताना हात सहज तिकडेच जातो, कारण स्थानकात कार्यालय असतं, चालकांची खोली असते, नियंत्रक असतो.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये हेच झालं. तिथला फक्त बससाठीचा वेगळा रस्ता २००० साली सुरू झाला आणि लोकांनी तो उचलून धरला. पण बहुतेक उपनगरांतून निघालेल्या बस शहराच्या मध्यातच यायच्या, आणि कल्चरल सेंटर स्थानकाबाहेर व्हिक्टोरिया पुलावर बसच्या रांगा लागायच्या. शेवटी २०२१ मध्ये तो पूल खाजगी गाड्यांसाठी बंद केला, आणि २०२५ च्या जानेवारीपासून सुमारे २४ मीटर लांबीच्या, दोन सांध्यांच्या बस नियमित धावू लागल्या. संख्येने कमी पण मोठ्या बस, वारंवार, हा तिथला तोडगा. बार्सिलोनाने २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने बसमार्गांचं जाळं बदललं आणि आडव्या, उभ्या, तिरक्या अशा २८ मार्गांची जाळी विणली, जिच्यात बस कुठल्याही छेदावर बदलता येते. अमेरिकेतल्या ह्यूस्टनने २०१५ च्या ऑगस्टमध्ये असाच बदल एका रात्रीत केला. एकाच स्थानकावरचा भार असा वाटला जातो.

स्थानकात संपणारे दोन मार्ग एकमेकांना जोडणं हा मला सगळ्यांत आवडणारा उपाय. पूर्वेकडून येणारी बस तिथे संपते आणि पश्चिमेकडे जाणारी तिथून सुटते, त्याऐवजी एकच बस पूर्वेकडून येऊन दोन मिनिटांत पश्चिमेला निघून जाते. विश्रांती गावाबाहेरच्या टोकाला, जिथे जागा आहे. तोटा हा, की एका टोकाची कोंडी दुसऱ्या टोकापर्यंत पोचते. म्हणून फार लांब मार्ग जोडू नयेत.

चढ-उताराचा वेळही कमी करता येतो. सॅन फ्रान्सिस्कोने २०१२ मध्ये सगळ्या दारांनी चढायला परवानगी दिली. ब्राझीलमधल्या कुरितिबाची नळीच्या आकाराची स्थानकं १९९१ पासूनची. तिकीट आधीच काढायचं आणि बसच्या जमिनीइतक्या उंच फलाटावरून थेट आत जायचं.

तुमची भीती कुठे खरी ठरते, तेही सांगतो. कोलंबियाच्या राजधानीची, बोगोटाची ट्रान्समिलेनिओ बससेवा २००० च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. बसना पुढे काढण्यासाठी वेगळी मार्गिका आणि एकेका स्थानकात अनेक फलाट, यामुळे ती एका दिशेला तासाला सुमारे ४५ हजार माणसं नेते. बसच्या सेवेला हे आकडे अफाटच. पण तिथले बंदिस्त, रस्त्याच्या मधोमध असलेले अरुंद फलाट माणसांनी इतके भरतात की दारापर्यंत पोचणंही कठीण होतं. अशा ठिकाणी उभ्या बस हलवून काही साधत नाही. फलाटच रुंद करावे लागतात, जिने आणि पादचारी पूल वाढवावे लागतात. विजेच्या बस येणार असतील तर आणखी एक धोका असतो. चार्जर स्वस्तात बसवायचा म्हणून तो प्रवाशांच्या फलाटावर बसवला, तर बस तिथे उभी राहण्याचा वेळ वाढतो. चार्जर आगारात किंवा वेगळ्या तळावर हवा.

आधी स्थानक की आधी बस? मी म्हणेन, बस. मोठं स्थानक उभं राहायला वर्षं जातात, आणि तोवर माणसं दुचाकी घेऊन मोकळी होतात, ती पुन्हा बसकडे वळवणं फार अवघड असतं. बस उभ्या करायला जवळचा एखादा मोकळा तळ काही महिन्यांत मिळवता येतो. फक्त तो बस येण्याच्या आधी मिळवायला हवा.

तुमच्या शहरात योजनेवर हरकती-सूचना मागवल्या असतील तर एक कागद जरूर मागा: गर्दीच्या तासात कुठल्या फलाटावर कुठली बस कधी येते आणि कधी सुटते, याचा तक्ता. बहुतेक परिवहन संस्थांकडे वेळापत्रकाच्या नोंदी असतातच, त्यातून तो काढता येतो. त्यात दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ फलाट अडवणाऱ्या बस वेगळ्या काढा आणि त्या प्रत्येक बससाठी दुसरी जागा कुठे धरली आहे, हे लेखी विचारा.