गाणं की समूहगान? एका घरातली काळजी

"पोरगं गातंय चांगलं, पण आता शाळेतल्या मुलांचं समूहगान बसवायच्या मागं लागलंय. धड इकडं नाही, धड तिकडं नाही. तुम्हीच सांगा मॅडम, यानं एक काहीतरी धरायला नको का?"

कलेत पाऊल टाकलेल्या मुलांचे आईवडील थोड्याफार फरकाने हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात. हे कुटुंब सोलापूरच्या पूर्व भागातलं. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडिलांचे थोडे यंत्रमाग, टॉवेलचं काम, धंदा मंदावलेला. मुलगा चोविशीचा. गांधर्व महाविद्यालय मंडळाची शास्त्रीय गायनाची विशारद परीक्षा झालेली, तिच्यापुढच्या अलंकारची तयारी चालू, शाळकरी वयापासून एकाच गुरुजींकडे तालीम. एका शाळेने स्पर्धेसाठी समूहगान बसवायला बोलावलं, ते रंगलं, मग दुसऱ्या शाळेनेही बोलावलं. पुढे पुण्यातल्या एका गायकवृंदाने सहायक संचालक म्हणून विचारलं. सोप्रानो, आल्टो (बायकांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर, बास (पुरुषांचे उंच आणि खालचे) अशा चार आवाजांत गाणारा वृंद. शनिवारी पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेसने जायचं आणि रात्री परतायचं.

पहिल्या भेटीत वडीलच बोलत होते. मुलाने दोन वाक्यं बोलली, तीही बसलेल्या आवाजात. "सर्दी आहे," म्हणाला. कधीपासून? "महिना झाला असेल." मी पुढचं सगळं बाजूला ठेवलं आणि त्याला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर गाणाऱ्या माणसाने हळद-दुधावर दिवस काढू नयेत. दुर्बिणीतून तपासणी झाली. स्वरतंतूंना सूज होती, गाठ नव्हती. काही दिवस मौन पाळायला सांगितलं.

त्यानंतर तो एकटा आला. आठवडाभरात गळा कुठे आणि किती वापरतो, ते त्याने लिहून आणलं होतं. रियाज जेमतेम अर्धा तास, शाळांच्या तालमी मात्र रोज तीन-चार तास. मी म्हटलं, तालीम घेतोस कशी ते करून दाखव. तो टेबलासमोर उभा राहिला. उजव्या हाताने मात्रा, डाव्याने आवाजाचा चढ-उतार, अगदी सुरेख. पण प्रत्येक ओळ तो मुलांबरोबर स्वतःही खड्या आवाजात गात होता. थोडंफार गाणं शिकले आहे, म्हणून पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला 'सा' धरतो ते, विचारलं. त्याची काळी एक. मुलांची काळी चार. म्हणजे स्वतःच्या पंचमाला ('प'ला) षड्ज ('सा') धरून, चाळीस मुलांच्या गलक्यावरून, हा मुलगा रोज तारसप्तकात, वरच्या सुरांत, ओरडत होता. घरच्यांना वाटत होतं की दोन कामांनी त्याची ओढाताण होते आहे. प्रत्यक्षात दुसरं काम चुकीच्या रीतीने चाललं होतं, आणि त्याची किंमत पहिलं काम मोजत होतं.

संचालकाने गायलंच पाहिजे असं नाही. स्वर पेटीवर द्यावा, अवघड जागा मुलांपैकी एखाद्या पक्क्या गळ्याकडून म्हणवून घ्यावी, आपण हात आणि कान वापरावेत. हे त्याला पुण्यात दिसत होतं, पण सोलापूरला आला की जुनी सवय उसळायची. मी हे सुचवल्यावर तो गप्प झाला. बोटं मात्र गुडघ्यावर तीनताल मोजत राहिली.

खरं ओझं मग बाहेर आलं. गुरुजींना त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. शनिवारी शिकायला येत नाही त्याचं कारण म्हणून नातेवाइकांची आजारपणं पुढे केली होती. त्याला झोप लागत नव्हती ती यामुळे. ख्याल गाताना पुढचा आलाप त्या क्षणी सुचतो, वृंदात मात्र श्वास कुठे घ्यायचा हेही आधी ठरतं. आपण गुरूची वाट सोडली, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. गुरुजींशी काय बोलायचं याचा सराव आम्ही माझ्या खोलीत केला. "गुरुजी, माझी चूक झाली," अशी त्याने सुरुवात केली. मी थांबवलं. लपवलंस त्याची माफी माग, समूहगानाची कशाला? तीन-चार वेळा बोलल्यावर वाक्य सरळ झालं.

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत म्हणे. मग त्यांनी पट्टी विचारली, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "पहाटेचा खर्ज सोडायचा नाही. तेवढं सांभाळ, मग दुपारी मुलांना शिकव." (खर्ज म्हणजे खालच्या सुरांतला रियाज.)

वडिलांशी बोलणं वेगळं झालं. "असं दोन्ही कुणी केलंय का?" त्यांचा प्रश्न रास्त होता. नाताली स्टुट्झमान या फ्रेंच गायिकेबद्दल सांगितलं. १९६५ चा जन्म, कॉन्ट्राल्टो, म्हणजे बायकांतल्या सर्वांत खालच्या आवाजाची गायिका म्हणून नावाजलेली, २००९ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद काढला आणि २०२२ पासून अमेरिकेतल्या अटलांटा सिंफनीची संगीत संचालक. ते म्हणाले, "ते तिकडचं झालं." मग विष्णु दिगंबर पलुस्करांचं सांगितलं. मिरजेला गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेला हा गवई १९०१ मध्ये लाहोरला शाळा काढून वर्गच्या वर्ग शिकवू लागला, आणि मैफलीतला गवईही राहिला. तुमच्या मुलाच्या प्रमाणपत्रावर जे 'गांधर्व महाविद्यालय' नाव आहे, ते त्या शाळेचं. हे मात्र त्यांना पटलं.

पैशांच्या काळजीला दाखले देऊन भागत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मैफलीतून घर चालत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. शाळांचं मानधन हा या मुलाचा आधार आहे. समूहगान सोडायला लावलं तर गाण्याचा खर्चही वडिलांवरच येईल, हा हिशेब त्यांनी मांडलाच नव्हता. बापलेकांनी मिळून दोन वर्षांची मुदत ठरवली. तोवर अलंकार पुरी करायची, आकाशवाणीची ऑडिशन देऊन किमान 'बी' ग्रेड (कलाकारांची सुरुवातीची श्रेणी) मिळवायची, पुण्याचं जाणं-येणं स्वतःच्या कमाईतून करायचं आणि शाळा दोनच ठेवायच्या. आईने विचारलं, "आणि लग्नाचं?" ते मुदतीनंतर बघू, असं तिघांनी मिळून ठरवलं.

आता तालमीत पेटीवर एक सहकारी असतो, आणि सातवीतली एक मुलगी अवघड ओळी म्हणून दाखवते. आवाज सुटला आहे, खर्ज रोज होतो. ऑडिशनचा अर्ज अजून भरलेला नाही, आणि त्यावरून वडील रोज विचारतात. त्यांनी विचारत राहावं, असंच मी त्यांना सांगितलं आहे.